मालकाचं नाव लिहा, मग सही मागा

आमच्या कुपवाड एमआयडीसीतल्या कंपनीत शेअरपॉइंट (खात्याखात्याच्या फायली ठेवायच्या मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साइट) आणि टीम्स (चॅट-मीटिंगचं त्यांचंच अ‍ॅप) यांचा गव्हर्नन्स रिव्ह्यू, म्हणजे कुठली माहिती कुणाची आणि कुणी बघायची याची तपासणी, सुरू आहे. सुरू आहे म्हणजे एक एक्सेल शीट या खात्यातून त्या खात्यात फिरतंय. साइटचं नाव, मालक, कुणाला अ‍ॅक्सेस, माहिती किती वर्षं ठेवायची, असे रकाने. आणि मालकाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच उत्तर: आयटी. एचआरच्या साइटचा मालक आयटी, अकाउंट्सच्या साइटचा आयटी, डिझाइनच्या ड्रॉइंगांचाही आयटी!

डोकं फिरतं हो हे बघून. परवानगी द्यायचं-काढायचं बटण आमच्याकडं आहे, मान्य. पण कामगाराच्या आजारपणाचा दाखला कुणी बघायचा आणि कुणी नाही, हे आयटीनं कशावरून ठरवायचं?

एचआरचंच सांगतो. त्यांचं एक फोल्डर 'बाहेरचे सोडून सगळे' या गटाला उघडं आहे. आधार, पॅन, पासबुकाच्या झेरॉक्स, मेडिकलचे कागद, पगाराची शीटं. लॉगिन असलेल्या कुणीही सर्चमध्ये 'पगार' टाकावं, समोर हजर. हे दाखवल्यावर उत्तर काय मिळालं? "आपलीच माणसं आहेत की सगळी, कोण बघतंय?" अहो, आपली माणसं आहेत म्हणूनच तर! इथं स्टोअरमधला पोरगा आणि शॉपफ्लोअरवरचा वेल्डर एका गावचे, कधी एका भावकीतले असतात. कुणाला कसला आजार आहे, कुणाच्या पगारातून किती हप्ता कापला जातो, हे संध्याकाळपर्यंत बुधगाव-माधवनगरच्या कट्ट्यावर पोचू शकतं. त्या माणसानं हे कागद कंपनीवर विश्वास ठेवून दिलेत. त्याला कुणी विचारलं का, सगळ्यांना दाखवू का म्हणून?

वर आता साहेबांना कोपायलट पाहिजे, म्हणजे प्रश्न विचारला की कंपनीच्या फायलींतून उत्तर देणारा मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस. तो परवानग्या मोडत नाही. विचारणाऱ्याला जे उघडतं त्यातूनच उत्तर काढतो. पण इथं सगळ्यांना नको ते उघडतंय! आजवर कुणाला शोधायचं सुचलं नाही म्हणून झाकून राहिलं. उद्या साध्या प्रश्नाला शेजारच्याच्या पगाराचा आकडा बाहेर येईल. हे लेखी दिलंय. त्याला उत्तर नाही.

लिंकांचं तर बोलायलाच नको. परचेसवाले व्हेंडरला ड्रॉइंग पाठवताना 'लिंक असेल तो कोणीही' निवडतात, कारण त्याला लॉगिन लागत नाही. ती लिंक व्हॉट्सअ‍ॅपवरून कुठं कुठं जाते याचा पत्ता नाही. व्हेंडर बदलतो, लिंक चालूच. मी अशा लिंकांना मुदत घातली, तर "काम अडतंय" म्हणून तक्रार वर गेली आणि ती मुदत मलाच काढायला लावली. ग्राहकाबरोबर गुप्ततेचा करार झालाय, त्यावर आपल्याच डायरेक्टरांची सही आहे, हे त्या वेळी एकालाही आठवलं नाही.

माणूस नोकरी सोडतो तेव्हाही तेच. टीम्सच्या चॅटमध्ये टाकलेली फाइल पाठवणाऱ्याच्या वनड्राइव्हमध्ये, म्हणजे त्याच्या खात्याच्या स्वतःच्या ऑनलाइन कपाटात असते. खातं डिलीट केलं की, सेटिंग बदललेलं नसेल तर, ते वनड्राइव्ह ३० दिवस राहतं, पुढं ९३ दिवस रिसायकल बिनमध्ये, मग कायमचं गेलं. जाणाऱ्याच्या फायली कुणी घ्यायच्या ते आधी ठरवा, हे सांगून घसा बसला. "खातं बंद करा, लायसन मोकळं करा", एवढाच मेल येतो. आणि पुढं कधीतरी कोटेशन सापडेना झालं की आमच्याच टेबलावर हात आपटतात.

किती वर्षं ठेवायचं, या रकान्यात काय लिहिलंय? 'कायम'. कंपनी कायदा २०१३ हिशेबाची पुस्तकं ८ आर्थिक वर्षं ठेवायला सांगतो, जीएसटीचं रेकॉर्ड वार्षिक रिटर्नच्या देय तारखेपासून ७२ महिने. ते नीट लावायचं सोडून, नोकरी न दिलेल्या पोरांची आधार कार्डंसुद्धा आपण कायम ठेवणार? कशासाठी? डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३ सालीच झाला. काम संपलं आणि दुसऱ्या कुठल्या कायद्याला गरज नसेल तर माहिती पुसा, असं त्यात स्पष्ट आहे. सुरक्षेत कुचराई झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. कलमं टप्प्याटप्प्यानं लागू होणार, म्हणून "बघू तेव्हाचं तेव्हा" हे उत्तर ऐकून घ्यायचं.

आता ऑडिटर यायचाय, म्हणून ते शीट माझ्यापुढं आलंय. "तेवढी सही करून टाका की, फॉर्मॅलिटी तर आहे." नाही करणार. एचआरच्या साइटपुढं एचआरच्या माणसाचं नाव पाहिजे, अकाउंट्सपुढं अकाउंट्सच्या. आणि ते पगाराचं फोल्डर आजच्या आज बंद करायला लेखी होकार पाहिजे. मालकाच्या रकान्यातलं 'आयटी' मी सगळीकडून काढून टाकलंय आणि शीट सहीशिवाय परत पाठवलंय.