तो हिरवा शर्ट उतरवा, साडूभाऊ

सकाळी चहाचा कप हातात घेऊन फोन उघडला, तर पहिलाच फोटो आमच्या साडूंचा. साडू नॉर्थ कॅरोलिनात, केरीला असतात. रॉलीच्या स्टेडियममध्ये सहकुटुंब उभे, चौघांच्या अंगात हिरवे शर्ट, छातीवर व्हेलची शेपटी, आणि वर ओळ टाकलीय: 'आमच्या हरिकेन्सचा जुना लूक! मस्त ना?' खाली बदामांचा खच. त्यातला एक बदाम आमच्या सौ.चा.

आमच्या म्हणे. जुना लूक म्हणे.

फॅमिली ग्रुपवर वाद नको, तिथे सासूबाई आहेत, म्हणून इथे लिहितोय. साडूभाऊ इथेही आहेत. वाचा निवांत.

ज्यांचा आइस हॉकीशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. तो शर्ट रॉलीचा नाही, हार्टफर्डचा आहे. कनेक्टिकटमधलं हार्टफर्ड, विमा कंपन्यांचं गाव. आपल्यातले कितीतरी जण इथे कुठल्या ना कुठल्या कंपनीचं जुनाट सॉफ्टवेअर सांभाळायला येऊन गेलेत. या गावाची एक टीम होती, हार्टफर्ड व्हेलर्स. १९९७ मध्ये मालकाने ती उचलून नॉर्थ कॅरोलिनात नेली. नाव बदललं, रंग बदलले, चिन्ह बदललं, झाले कॅरोलिना हरिकेन्स. इथवरही मी एक वेळ गप्प बसेन. अमेरिकेत टीम मालकाची असते, गावाची नसते. त्याला परवडेनासं झालं की तो चालला. पण वीस वर्षं ज्या नावाकडे ढुंकून पाहिलं नाही, तेच २०१८ मध्ये माळ्यावरून खाली काढलं. त्या वर्षी टॉम डंडन नवे मालक म्हणून आले आणि डिसेंबरात रॉलीमध्ये 'व्हेलर्स नाइट' झाली. अंगात हिरवे शर्ट, स्पीकरवर व्हेलर्सची ती ट्रम्पेटची धून, आणि समोर कोण, तर बोस्टन! हार्टफर्डचा शेजारी आणि जुना वैरी. जिंकलेही त्या रात्री. बाहेर शर्टांची विक्री जोरात.

म्हणजे गावातला वाडा पाडायचा, गावाकडे पुन्हा फिरकायचं नाही, आणि वीस वर्षांनी त्याच वाड्याची नक्षीदार चौकट आपल्या हॉटेलच्या दाराला लावून 'आमची परंपरा' म्हणत थाळी विकायची.

मला हे एवढं का झोंबतं, त्याला कारण आमचे पहिले घरमालक. २००५ च्या थंडीत आम्ही दोघं इथे आलो ते ईस्ट हार्टफर्डला, एका घराच्या वरच्या मजल्यावर भाड्याने. खाली मालक एकटेच, विमानाच्या इंजिनांच्या कारखान्यातून रिटायर झालेले. सौ. त्यांना आजोबाच म्हणायची. कपडे धुवायचं मशीन त्यांच्या तळघरात. तिथेच त्यांचं कामाचं टेबल, वर भिंतीला पाने आणि स्क्रूड्रायव्हर मापाप्रमाणे टांगलेले, आणि त्यांच्या मधोमध स्क्रूने बसवलेली बोटभर लांबीची एक पत्र्याची पट्टी. तिच्यावर नुसता एक आकडा. विचारलं, तर म्हणाले, "ती माझी खुर्ची."

१३ एप्रिल १९९७. व्हेलर्सची शेवटची मॅच, टॅम्पा बेविरुद्ध. आजोबा खिशात एक छोटा स्क्रूड्रायव्हर घालून गेले होते. टीम २-१ ने जिंकली, शेवटचा गोल केव्हिन डिनीनचा. मॅच संपली तरी लोक उठेनात. आजोबा खाली वाकले आणि आपल्या खुर्चीचा नंबर खोलायला लागले. सिक्युरिटीवाला जवळ आला, काय चाललंय ते पाहिलं, आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

साडूभाऊ, ती पट्टी कुणाचा 'जुना लूक' आहे?

टीम फार मोठी नव्हती, हे मान्य. एनएचएलमध्ये, म्हणजे इथल्या सर्वांत मोठ्या आइस हॉकी लीगमध्ये, अठरा सीझन खेळले आणि प्लेऑफची, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेऱ्यांची, मालिका जिंकली फक्त एक. १९८६ ला क्वेबेकला सलग तीन मॅचमध्ये उडवलं. पुढच्या फेरीत माँट्रियालशी सातव्या मॅचपर्यंत झुंजले, आणि जादा वेळेत क्लॉड लेमियूने गोल मारला. संपलं. त्यावर हार्टफर्डकरांनी काय केलं? मिरवणूक काढली! दुसऱ्या फेरीत हरून आलेल्या पोरांची भर रस्त्यातून मिरवणूक! बाहेरचे आजही यावरून हसतात. हसू देत. त्याच माँट्रियालने पुढे त्या वर्षीचा स्टॅनली कप, म्हणजे एनएचएलचं अजिंक्यपद, उचलला, म्हणजे आमचे हरले ते काही सोम्यागोम्याकडून नाही. (हो, 'आमचे' लिहिलं. १९८६ ला मी शाळेत होतो आणि बर्फ फक्त गोळ्यातला माहीत होता. तरीही आमचे.)

या टीमचा जन्मच मुळात वेगळ्या लीगमधला. वर्ल्ड हॉकी असोसिएशन ही एनएचएलला टक्कर द्यायला काढलेली बंडखोर लीग. तिच्यात बोस्टनला ही टीम उभी राहिली, नाव न्यू इंग्लंड व्हेलर्स (न्यू इंग्लंड म्हणजे अमेरिकेचा ईशान्य कोपरा, बोस्टन आणि हार्टफर्ड दोन्ही त्यातच), आणि पहिल्याच सीझनला, १९७३ मध्ये, चॅम्पियन. पण बोस्टनमध्ये तिथल्या एनएचएल टीमसमोर, ब्रुइन्ससमोर, कोण विचारणार? म्हणून जानेवारी १९७५ मध्ये हार्टफर्डच्या नव्या सिव्हिक सेंटरमध्ये मुक्काम हलवला. शॉपिंग मॉलला चिकटलेलं स्टेडियम, त्यावरूनही लोक टोमणे मारायचे.

आणि मग ते छत. १८ जानेवारी १९७८ च्या पहाटे त्या स्टेडियमचं छत बर्फाच्या ओझ्याने खाली आलं. सुमारे १,४०० टन लोखंड. आदल्या संध्याकाळी तिथे कॉलेजची बास्केटबॉल मॅच झाली होती, पाच हजारांच्या आसपास माणसं होती. काही तासांचा फरक. पहाट होती म्हणून एकालाही खरचटलं नाही. पुढे चौकशीत निघालं की डिझाइनच चुकलेलं, आणि कॉम्प्युटरने काढलेल्या हिशोबावर सगळे डोळे मिटून विसंबले होते. आमच्या लाइनमधल्यांनी याची नोंद घ्यावी.

यानंतर टीम दोन वर्षं स्प्रिंगफिल्डला खेळली, मॅसॅच्युसेट्समध्ये. आणि लोक? लोक गाड्या काढून आय-९१ हायवेने तिकडे जायचे. कडाक्याच्या थंडीत, आठवड्याच्या मधल्या वारी, ऑफिस करून. त्यांनी स्वतःला नाव घेतलं 'आय-९१ क्लब'. आजोबा त्यातले. सांगायचे, हीटर बिघडलेल्या गाडीत मांडीवर घोंगडी घेऊन जायचो. हरून परत यायचो, पण जायचो. म्हणून कुणी 'हार्टफर्डला प्रेक्षकच नव्हते हो' म्हणालं की माझं डोकं सटकतं. पुढे गर्दी कमी झाली, हो, झाली. का झाली तेही ऐका.

१९७९ ला दोन्ही लीग एक झाल्या आणि चार टीम एनएचएलमध्ये आल्या: एडमंटन, विनिपेग, क्वेबेक आणि ही. बोस्टनला 'न्यू इंग्लंड' नाव खुपलं, म्हणून झालं हार्टफर्ड व्हेलर्स. तेव्हाच पीटर गुड नावाच्या डिझायनरने ते चिन्ह काढलं. खाली हिरवा डब्ल्यू, वर निळी शेपटी, आणि दोघांच्या मधल्या रिकाम्या जागेत आपोआप उमटलेला एच. हार्टफर्डचा एच! साडूभाऊ, तुमच्या छातीवर जी पांढरी जागा आहे ना, तिथे हार्टफर्डचं नाव आहे. बघा जरा आरशात.

पहिल्या सीझनला टीममध्ये कोण होतं माहितीय? गॉर्डी हाऊ, हॉकीतला दिग्गज. वय ५१, सीझन संपेपर्यंत ५२. सगळ्या ८० मॅच खेळला, १५ गोल केले, आणि बरोबर मार्क आणि मार्टी ही त्याची स्वतःची दोन मुलं. बाप आणि दोन पोरं एका टीममध्ये! माझं आज जे वय आहे त्यात मला जिना चढताना धाप लागते.

मग १९८१ ला रॉन फ्रान्सिस आला. अठरा वर्षांचं पोर. दहा वर्षं त्याने टीम खांद्यावर वाहिली. आणि ४ मार्च १९९१ ला व्यवस्थापनाने त्याला पिट्सबर्गला देऊन टाकलं, सोबत उल्फ सॅम्युएलसनही. त्याआधी त्याचं कॅप्टनपद काढून घेतलेलं. पिट्सबर्गने त्याच वर्षी कप जिंकला, पुढच्या वर्षी पुन्हा जिंकला. मला सांगा, तुमच्या डोळ्यांदेखत घरातला कर्ता मुलगा असा कुणी देऊन टाकला, तर तुम्ही तिकीट काढून मॅचला जाल? गर्दी कमी झाली म्हणे! आजोबांनी त्या वर्षी सीझन तिकीट सोडलं होतं. पुढच्या वर्षी परत घेतलं. राग फार दिवस धरणारा माणूसच नव्हता तो.

१९९४ ला पीटर कार्मानोस मालक झाले. चार वर्षं हलवणार नाही असा शब्द. मग १९९६ ला अट घातली की ११ हजार सीझन तिकिटं विकून दाखवा. लोक धावले, 'सेव्ह द व्हेल' म्हणत पैसे भरले, पण आकडा गाठता आला नाही. मार्च १९९७ मध्ये जाहीर केलं, आम्ही चाललो. एक वर्ष आधी निघायचं म्हणून राज्याला दोन कोटी डॉलरच्या वर रक्कम मोजली. आणि यातली मला सर्वांत चीड आणणारी गोष्ट म्हणजे जाणार कुठे, हेच ठरलं नव्हतं! रॉलीची घोषणा मे महिन्यात झाली. तिथलं स्टेडियमही बांधून झालं नव्हतं, म्हणून पहिली दोन वर्षं ग्रीन्सबरोला, रिकाम्या खुर्च्यांसमोर खेळले. इथून निघायची एवढी घाई!

थांबा, जरा पाणी पिऊन येतो.

आलो. सौ. म्हणतेय, "अहो, पोरांनी हौसेने घातले शर्ट, तुम्ही काय लावलंय हे?" बरोबर आहे तिचं. साडूंची धाकटी पोरगी गोलकीपर आहे, पहाटे पाचला उठून प्रॅक्टिसला जाते, आणि तिला हॉकी कळते माझ्यापेक्षा जास्त. रॉलीचे लोकही आता जिवाला जीव देणारे चाहते आहेत, नाही म्हणत नाही. कायद्याने ते नाव आणि चिन्ह त्यांचंच, हेही खरं. आणि हो, २००६ ला त्यांनी स्टॅनली कप जिंकला, एडमंटनला सातव्या मॅचमध्ये हरवून. ते काही कुणी फुकट दिलं नाही.

ती रात्र मला चांगली आठवते, कारण खालून आजोबांच्या टीव्हीचा आवाज येत होता. त्यांनी कधीच 'हरिकेन्स' हा शब्द उच्चारला नव्हता, 'ते लोक' म्हणायचे. सकाळी मी कपडे घेऊन तळघरात गेलो तर ते टेबलाशी काहीतरी घासत बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, "वेस्लीला मिळाला. बरं झालं." ग्लेन वेस्ली. हार्टफर्डहून गेलेल्यांपैकी त्या टीममध्ये उरलेला शेवटचा माणूस. सात मॅचची फायनल म्हाताऱ्याने एका माणसासाठी पाहिली होती.

म्हणून म्हणतो, मला टीम परत नकोय. मिळणारही नाही, बोस्टन आणि न्यूयॉर्कच्या मधे हे एवढंसं गाव, कोण पैसे घालणार. विनिपेगला २०११ मध्ये टीम परत मिळाली, त्यांचं नशीब. क्वेबेकची टीम १९९५ ला कोलोरॅडोला गेली आणि पुढच्याच वर्षी कप जिंकली, तेव्हा तिथल्या लोकांवर काय गुजरली असेल! आणि आता कोलोरॅडोवालेही क्वेबेकचे शर्ट घालून मिरवतात. सगळे एकाच माळेचे मणी.

पण क्लीव्हलँडला बघा. १९९५-९६ ला त्यांची फुटबॉल टीम, ब्राउन्स, बाल्टिमोरला गेली, तेव्हा गावाने भांडून नाव, रंग आणि जुने सगळे विक्रम स्वतःकडे ठेवून घेतले. मालक गेला, खेळाडू गेले, ब्राउन्स राहिले. म्हणजे हे करता येतं. करायची इच्छा लागते. हार्टफर्डला तेव्हा कुणी असं भांडलं नाही, राजकारणी नव्या स्टेडियमच्या आकड्यांत अडकले, आणि शेपटी मालकाच्या सामानातून गेली. आता ती शोकेसमध्ये लावतात आणि आमच्याच घरच्या माणसांना विकतात.

आजोबा आता लेकीकडे असतात, व्हरमाँटला. आज तो फोटो त्यांना पाठवायला बोट गेलं होतं. नाही पाठवला. घर विकलं तेव्हा पट्टी बरोबर नेली का, विचारलं होतं फोनवर. म्हणाले, स्क्रूसकट.

असो. फार झालं. साडूभाऊ, राग नसावा, पण शर्ट ठेवून द्या आणि पोरीला लाल घालू दे, तो तुमचा रंग आहे, त्यात ती छान दिसते.

आणि इथल्या मंडळींसाठी: शनिवारी संध्याकाळी वुल्फ पॅकची, हार्टफर्डच्या आताच्या हॉकी टीमची, मॅच आहे, त्याच जुन्या स्टेडियमात. दुय्यम लीग आहे, टीम न्यूयॉर्क रेंजर्सच्या पंखाखालची आहे, माहितीय मला, सुरू करू नका. तिकिटं परवडतात आणि काचेजवळ बसता येतं. आत गेल्यावर वर बघा, हाऊचा ९ नंबर टांगलेला दिसेल. माझ्या गाडीत तीन जागा आहेत, पार्किंगचं मी बघतो. पोरांना टोप्या-जॅकेटं घालूनच आणा, मागच्या खेपेला निम्मी कंपनी पहिल्याच ब्रेकला कुडकुडत पॉपकॉर्नच्या रांगेत होती.