कुंपणाचा अशोक आणि सीतेचा अशोक

सध्या फिरत असलेल्या एका संदेशात चार विधाने आहेत: इमारतींच्या कुंपणाशी उभे असणारे सरळसोट, लोंबत्या पानांचे झाड म्हणजेच रामायणातील अशोक, गुजरातीतील ‘आसोपालव’ हे नाव त्याचा पुरावा, बंगालीत त्याला ‘देबदारू’ म्हणतात, म्हणून ते हिमालयातील देवदाराचे भाईबंद, आणि त्याची साल स्त्रीरोगांवर घरच्या घरी वापरावी. यांपैकी एकही विधान टिकत नाही.

पहिले विधान फुलांपाशीच कोसळते. संस्कृत काव्यातला अशोक लाल फुलांनी ओळखला जातो; कालिदासाच्या ‘मालविकाग्निमित्र’ या नाटकात मालविकेच्या पायाच्या आघाताने अशोक फुलावा, या दोहदाच्या, म्हणजे स्त्रीच्या स्पर्शाने झाड बहरते अशा कविकल्पनेच्या, संकेतावर अख्खा प्रसंग बेतलेला आहे. कुंपणाच्या झाडाची फुले फिकट हिरवी, चांदणीसारखी आणि पानांत हरवून जाणारी असतात. ती फुलावीत म्हणून कोणी एवढा खटाटोप केला असता, असे वाटत नाही. काव्यातला हा सीता अशोक, शास्त्रीय नावाने सराका असोका, हा संयुक्त पानांचा, शेंगा धरणारा वृक्ष असून नारिंगीकडून लालाकडे जाणाऱ्या त्याच्या फुलांना पाकळ्याच नसतात, रंग दिसतो तो निदलांचा, म्हणजे फुलाच्या बाहेरच्या आवरणाच्या दलांचा. कुंपणाचे झाड, म्हणजे मोनून लाँगिफोलियम (पूर्वीचे पॉलिअल्थिया), सीताफळाच्या कुळातले आहे. सीतेच्या नावाशी त्याचे नाते जोडायचेच तर ते एवढेच.

‘आसोपालव’ हे ‘अशोकपल्लव’चेच रूप मानले जाते, हे खरे. पण त्यातून नाव एका झाडावरून दुसऱ्यावर सरकले एवढेच दिसते, दोन्ही झाडे एक ठरत नाहीत. तमिळमधील ‘नेट्टिलिंगम्’ या नावात तर अशोकही नाही आणि देवदारही नाही.

देवदार सूचिपर्णी आहे, त्याला फुले नव्हे तर शंकू येतात. बंगालीतले साम्य केवळ नावाचे. मराठीत याच झाडाला ‘खोटा अशोक’ म्हणतात, त्यावरून काही जण त्याला परदेशी ठरवतात, तेही चूकच, कारण ते दक्षिण भारत आणि श्रीलंकेचे मूळ रहिवासी आहे.

खरी हानी चौथ्या विधानात आहे. आयुर्वेदात सांगितलेली अशोकाची साल सीता अशोकाची असते, आणि बाजारात तिच्यात खोट्या अशोकाच्या सालीची भेसळ होते ही जुनीच तक्रार आहे. हा संदेश तीच भेसळ घरोघरी करायला सांगतो. खऱ्या अशोकाची साल ओरबाडणे हाही उपाय नव्हे, कारण सालीसाठी होणाऱ्या तोडीचाही फटका बसलेला हा वृक्ष धोक्यातील जीवजातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत ‘असुरक्षित’ म्हणून नोंदला गेला आहे.