एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर: कोरल ब्यूटी आणि ‘चालतंय की’

नमस्कार साहेब,

तुमचा रिव्ह्यू काल रात्री शटर ओढता ओढता वाचला. तुमचे झोआ, म्हणजे ते बटणासारखे मऊ प्रवाळ, खराब झाले, मनस्ताप झाला, त्याबद्दल मनापासून माफी मागतो. सोलापुरात खाऱ्या पाण्याचा टँक ठेवणारी माणसं बोटावर मोजण्याइतकी. त्यातलं एक गिऱ्हाईक नाराज होऊन जाणं मला परवडत नाही. पण ‘खोटं बोलून गळ्यात मासा मारला’ हे जे लिहिलंय, ते वाचून रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. त्यावर बोलावंच लागेल.

तुमची तक्रार थोडक्यात अशी: 3,800 रुपयांचा कोरल ब्यूटी एंजल मासा नेला, दुकानात ‘रीफ टँकमध्ये (प्रवाळांच्या टँकमध्ये) चालतो’ असं सांगितलं, दहाव्या दिवसापासून तो झोआ टोचायला लागला, तीन आठवड्यांत झोआची निम्मी पॉलिप (फुलासारखी तोंडं) गेली, आणि परत घ्या म्हटलं तर मालकाने हात वर केले. शिवाय एकदा दुपारी 3 ला आलात तर दुकान बंद.

‘चालतो’ म्हटलं होतं. नाकारत नाही. मी नाही, आमच्या पोराने म्हटलं, पण दुकान माझं म्हणजे शब्दही माझाच. त्याचं वाक्य होतं, “चालतंय की साहेब.” आता आपल्या सोलापुरात ‘चालतंय की’चा अर्थ मी तुम्हाला सांगायचा का? चहात साखर कमी पडली तरी चालतंय की, पाहुणे दोन जास्त आले तरी चालतंय की. ती काही गॅरंटी नसते. त्याला म्हणायचं होतं की हा मासा रीफ टँकच्या पाण्यात, त्या तापमानात, क्लाउन माशासोबत राहतो. प्रवाळाला तोंड लावणार नाही, असं तो बोलला नाही. बोलला असता तर मी तिथेच कान धरला असता.

उरलेलं मी स्वतः काउंटरच्या बाहेर येऊन सांगितलं. बुटक्या एंजलमध्ये कोरल ब्यूटी त्यातल्या त्यात गरीब, पण प्रत्येक माशाची खोड वेगळी असते. एखादा वर्षानुवर्षे शेवाळच चरतो, एखाद्याला झोआ किंवा शिंपल्याच्या (क्लॅमच्या) मांसाची चटक लागते. हे मी बोलत होतो तेव्हा तुमच्या कानाला फोन होता आणि तुमचा मुलगा काचेला नाक लावून उभा होता. मासा दगडातून बाहेर आला, निळं डोकं, नारिंगी कूस, त्यावर बारीक उभ्या रेघा, आणि मुलगा म्हणाला, “पप्पा, हाच.” मी तेव्हाही म्हटलं, 1,600 ची क्लाउनची जोडी घ्या, झोआला धोका नाही. फसवायचं असतं तर स्वस्त मासा कशाला दाखवला असता?

आणि बिलावर मी पेनाने लिहून दिलं होतं: ‘झोआ, क्लॅम असल्यास टोचू शकतो. आपल्या जबाबदारीवर.’ कार्बन कॉपी माझ्याकडे आहे. तुम्ही रिव्ह्यूत बिलाचा फोटो टाकलाय, त्यात नेमका खालच्या दोन ओळींवर तुमचा अंगठा आलाय. मुद्दाम आला असं मी म्हणत नाही.

दुसरा फोटो टँकचा आहे. तो मी मोठा करून चार वेळा पाहिला. दगड पांढरेधोप, त्यावर शेवाळाचा मागमूस नाही. हा मासा समुद्रात दिवसभर दगडावरचं शेवाळ आणि बारीकसारीक टिपत फिरतो, तो त्याचा धंदाच आहे. अडीचशे लिटरचा जुना, शेवाळ धरलेला टँक असेल तर त्याचं पोट भरतं. तुमचा दोन फुटी, जेमतेम 90 लिटर, आणि खाणं रात्री एकदा पेलेट, असं तुम्हीच फोनवर सांगितलंत. नोरीचं, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचं पाकीट मी मासा देतानाच फुकट दिलं होतं, क्लिपसकट. ते उघडलं का, हे मी विचारणार नाही. भुकेला मासा ताटात जे दिसेल ते खाणारच. फोटोत तो मात्र चांगला गुबगुबीत दिसतोय, एवढं तरी लिहायला हवं होतं.

अजून एक. मे महिन्यातली गोष्ट, पारा 42 च्या वर. पाणी उडून गेलं की तुम्ही मिठाचं पाणी घालून भरत होतात. उडतं फक्त पाणी, मीठ टँकमध्येच राहतं, वरून नुसतं आरओचं पाणी घालायचं असतं. तुम्ही बाटलीत आणलेला नमुना मी तुमच्यासमोर रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजायच्या यंत्रावर) पाहिला: 1.031. हवं 1.025 च्या आसपास. एवढ्या खारात झोआ मिटून बसतात. म्हणजे सगळा दोष माशाचाच का, हे मला अजून पटलेलं नाही.

परत का घेतला नाही? तुमच्या टँकमधून आलेला मासा माझ्या सिस्टिममध्ये सोडला आणि सोबत पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला, तर माझा सगळा खारा माल जाईल. माझे वडील यंत्रमागावर कामाला होते, हे दुकान मी पैसा पैसा जोडून उभं केलंय. लाइट गेली की घरातला पंखा नाही, आधी या टँकचे पंप इन्व्हर्टरवर चालतात.

‘कोरलमध्ये व्हरायटी नाही’ असंही लिहिलंत. दगडी प्रवाळ 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, ते मी ठेवत नाही, कितीही मागितले तरी. त्यावरून एक स्टार कमी होत असेल तर होऊ दे.

पोराला समज दिली आहे, ‘चालतंय की’ बंद. एंजलच्या टँकवर पाटी लावायचीच आहे, रंगारी मिळाला की होईल. आजारी किंवा परत आलेल्या माशांसाठी वेगळा टँक करायचाही विचार आहे, जागेचं जमलं की बघू. तोवर तुमचा मासा एका ओळखीच्या मोठ्या टँकवाल्याकडे देता येईल का ते विचारतो, पैशांचं समोरासमोर बसून बोलू. झोआचं छोटं फ्रॅग (लावायचा तुकडा) माझ्याकडून घेऊन जा, त्याचे पैसे नकोत.

दुकान सकाळी 10 ते 2 आणि संध्याकाळी 5 ते 9. दुपारी बंद असतं, बोर्डावर लिहिलेलं आहे. येताना पाण्याचा नमुना आणा, आणि बिल आणा. पूर्ण बिल.