बडोद्याच्या मुलांच्या हातात बडोद्याचा इतिहास कधी येणार?

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की मला हमखास एक फोन येतो. "ताई, पोरगी तिसरीत आहे, इतिहासाची गोडी लागावी म्हणून कुठलं पुस्तक घेऊ?" विचारणारे बहुतेक आपल्याच बडोद्यातले मराठी आईबाबा असतात. मुलं कुणाची इंग्रजी माध्यमात, कुणाची गुजरातीत, घरी मात्र मराठी. एकेकाला फोनवर सांगत बसण्यापेक्षा आज सविस्तर लिहिते. कारण उत्तर देताना दर वेळी एक गोष्ट मनाला टोचते, आणि ती चारचौघांत बोलायची वेळ आली आहे.

आधी जे मिळतं ते सांगते. बालभारतीची पाठ्यपुस्तकं नेटवर फुकट आहेत. चौथीचं 'परिसर अभ्यास भाग २' शिवाजी महाराजांवर आहे. मुलं ते गोष्टीच्या पुस्तकासारखं वाचतात, खुशाल वाचू द्या. मला स्वतःला पाचवीचा भाग २ जास्त मोलाचा वाटतो. तो 'इतिहास म्हणजे काय' इथून सुरू होतो आणि अश्मयुगाकडे जातो. तिसरी-चौथीच्या मुलाला शेजारी घेऊन बसलं तर त्यातली सुरुवातीची पानं सहज कळतात. 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, त्याचे जुने अंकही नेटवर आहेत. मूल हिंदी वाचत असेल तर भोपाळहून निघणारं 'चकमक' आणा. अमर चित्र कथा तर तुम्ही-आम्हीच वाचून मोठे झालो, त्या घरात असाव्यातच. फक्त एखाद्या दिवशी मुलाला विचारा, "हे चित्र काढणाऱ्यानं अफझलखानाला पाहिलं होतं का रे?" एवढंच विचारा आणि पुढे वाचू द्या. प्रश्न डोक्यात राहतो, वाचनाची मजाही जात नाही.

शाळेकडून या वयात फार अपेक्षा ठेवू नका. आपल्याकडे गुजरात बोर्डात सामाजिक विज्ञान सहावीपासून येतं. त्याआधी जे काही असतं ते पर्यावरण विषयाच्या पोटात. म्हणजे मूल ज्या वयात "हे कुणी बांधलं, का बांधलं, तेव्हा लोक काय खायचे" असं विचारून आपल्याला भंडावून सोडतं, त्या वयात त्याच्या दप्तरात इतिहासाचं पुस्तकच नसतं. मग ते काम घरावर येतं.

आणि टोचणारी गोष्ट इथेच आहे. वर सांगितलेल्या पुस्तकांत बडोदं जवळजवळ नाहीच. महाराष्ट्राच्या पुस्तकांत रायगड-प्रतापगड असणार, ते बरोबरच आहे. पण लहरीपुरा दरवाज्यातून रोज रिक्षानं शाळेत जाणाऱ्या मुलाला त्या दरवाज्याबद्दल कोण सांगणार? मोठ्यांसाठी बडोद्याचे राजे सयाजीराव महाराज गायकवाड यांच्यावर जाडजूड ग्रंथ आहेत. आठ वर्षांच्या मुलानं स्वतः वाचावं असं बडोद्याच्या इतिहासाचं पुस्तक माझ्या हाती अजून लागलेलं नाही. आणि हे त्या गावात, ज्याच्या राज्यानं 'सयाजी बालज्ञानमाला' नावाची खास मुलांसाठीची पुस्तकमाला काढली होती! याचं मला खरंच वाईट वाटतं.

मुलांना यात रस नसतो, असं कुणी म्हणालं की मी त्यांना एका पैशाची गोष्ट सांगते. रविवारी आमच्याकडे दांडिया बाजारात आजूबाजूची मुलं जमतात. एकदा सासऱ्यांच्या डब्यातला बडोदे राज्याचा तांब्याचा पैसा मी त्यांच्या हातात दिला. एका बाजूला घोड्याचा खूर आणि तलवार, दुसऱ्या बाजूला नागरीत 'एक पैसा' आणि खाली संवत १९४८. चौथीतला एक जण लगेच म्हणाला, "१९४८! म्हणजे स्वातंत्र्यानंतरचा." दुसरीनं हरकत घेतली, "मग त्यावर राजाचं नाव कसं?" चांगलीच जुंपली. शेवटी शेजारचा गुजराती मुलगा म्हणाला, "अमारा चोपडामां पण संवत लखे छे, दिवाळीए." त्याच्या वडिलांचं दुकान आहे, चोपडापूजन, म्हणजे हिशेबाच्या वह्यांची पूजा, त्यानं दर वर्षी पाहिलेलं. मग सगळ्यांनी वहीत वजाबाकी मांडली. विक्रम संवत इसवी सनाच्या सुमारे ५७ वर्षं पुढे, म्हणून ५७ वजा केले, १८९१ आलं. गुजरातेत संवताचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं, म्हणून १८९२ सुद्धा असू शकतं, हेही त्यांनीच काढलं. रुपयाचे तेव्हा ६४ पैसे होते हे सांगितल्यावर तर अर्धा तास हिशेब चालला होता. पुरावा, कालगणना, शंका घेणं, सगळं त्या एका पैशात आलं. मी फक्त बघत बसले होते.

असं पुस्तक हवं मला.

सुरुवात सयाजीराव महाराजांच्या लहानपणानं करायला हरकत नाही, कारण मुलांना मूल आवडतं. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा गोपाळ. १८७५ मध्ये महाराणी जमनाबाईंनी त्याला दत्तक घेतलं तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. तिथून तो मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू शिकला. वाचताना अडखळणाऱ्या मुलाला ही माहिती केवढा धीर देते! "इथं कशाला आलास?" या प्रश्नाला "राज्य करायला" असं उत्तर त्यानं दिल्याची गोष्ट आपल्याकडे घरोघरी सांगतात. तीही असावी, पण "असं सांगतात" या शब्दांसकट. कुठली गोष्ट नोंदलेली आणि कुठली ऐकीव, हा फरक आठव्या वर्षी छान कळतो. आपणच तो पुसून टाकतो.

सक्तीच्या शिक्षणाबद्दल तर मुलं कान टवकारून ऐकतात. १८९३ मध्ये अमरेलीला सुरुवात झाली, १९०६ मध्ये सगळ्या राज्यात मोफत आणि सक्तीचं प्राथमिक शिक्षण आलं. मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या आईबापांना दंड! यावर पहिला प्रश्न ठरलेला असतो, "मग तो दंड भरायचे का?" विचारू द्या. १९१० मध्ये महाराजांनी अमेरिकेहून बॉर्डन नावाच्या ग्रंथपालाला बोलावलं, आणि पुस्तकांनी भरलेल्या लाकडी पेट्या गावोगाव जायला लागल्या. मुलांना ती पेटी काढायला सांगा आणि आत कुठली पुस्तकं ठेवाल ते विचारा. आणि हो, नळाचं पाणी. आजव्याचा तलाव त्याच काळातला, आजही शहराच्या काही भागांना तिथून पाणी येतं. स्वयंपाकघरातला नळ सोडून इतिहासाचा धडा सुरू करता येतो असं गाव आहे आपलं.

मात्र हे पुस्तक गायकवाडांची नुसती स्तुती होऊ नये. मुलांना म्युझियममध्ये नेलं की ती व्हेलचा सांगाडा आणि ममी बघून पळतात. त्यांना बडोद्यातल्याच अकोट्याला सापडलेल्या जैन कांस्यमूर्तींसमोर थांबवा. पाचव्या-सहाव्या शतकापासूनच्या आहेत त्या. आज अकोट्याच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलाला कळू दे, की त्याच्या पार्किंगच्या जागी गायकवाडांच्याही हजारेक वर्षं आधी माणसं नांदत होती.

आणि सयाजीबागेतली संकल्पभूमी, म्हणजे बाबासाहेब आंबेडकरांची आठवण जपणारी जागा. इथे थोडं थांबून लिहिते, कारण काही पालक म्हणतात, एवढ्या लहान मुलांना हे कशाला? बडोदे सरकारची शिष्यवृत्ती घेऊन भीमराव आंबेडकर १९१३ मध्ये अमेरिकेला शिकायला गेले. १९१७ मध्ये ते राज्याच्या नोकरीसाठी इथे आले, तेव्हा त्यांना या शहरात राहायला जागा मिळाली नाही. नाव लपवून एका पारशी सराईत राहिले. लोक काठ्या घेऊन आले आणि त्यांना बाहेर काढलं. ते जाऊन बसले ते याच बागेत. नऊ वर्षांच्या मुलाला हे समजत नाही? वर्गात कुणी शेजारी बसू दिलं नाही तर काय वाटतं, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. मी हे सांगितलं तेव्हा एक मुलगी म्हणाली, "महाराजांनीच शिकायला पाठवलं ना, मग घर का नाही दिलं?" मी तिला गोंजारणारं उत्तर दिलं नाही. महाराजांचा हुकूम शाळेपर्यंत पोचला, लोकांच्या उंबऱ्याच्या आत पोचला नाही, असं सांगितलं. ज्या पुस्तकात शाळा आणि पेट्या असतील, पण हे पान नसेल, ते मी कुठल्याच मुलाच्या हातात देणार नाही.

तर माझा विचार असा. साधारण ४८ पानांचं पुस्तक. डाव्या पानावर मराठी, उजव्या पानावर गुजराती, कारण आपली मुलं ज्यांच्याबरोबर खेळतात त्यांचंही हे गाव आहे. अक्षर मोठं, वाक्यं छोटी, आणि शक्य तिथे खऱ्या वस्तूचा फोटो. यासाठी तुमच्या घरातल्या वस्तू लागतील. आजीचा बडोदे राज्यातला शाळेचा दाखला, जुनी फीची पावती, वाड्याचा फोटो, नाणी, तिकिटं. वस्तू देऊ नका, दोन्ही बाजूंचा उजेडात काढलेला फोटो पाठवा आणि ती कुणाची, घरात कुठून आली, तेवढं आठवून लिहा. चित्रं काढणारं कुणी असेल, शुद्ध गुजराती लिहिणारं कुणी असेल, तर मला सांगा. नाताळच्या सुट्टीत आमच्याकडे बसू. मुलांनाही घेऊन या, कच्ची पानं आधी त्यांच्याकडूनच वाचून घ्यायची आहेत.