पार्किंगखालचा किल्ला

२०२५च्या जुलैत मराठ्यांचे बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा धरणगावच्या आमच्या मामांनी घरच्या ग्रुपवर लांबलचक मेसेज टाकला. साल्हेरपासून जिंजीपर्यंत सगळ्यांचं कौतुक, मग अतिक्रमणं, दारूच्या बाटल्या, तटावर कोरलेले बदाम, आणि शेवटी ठरलेलं वाक्य: ‘अमेरिकेत दोनशे वर्षांची वीटसुद्धा काचेत ठेवतात. टँपावाल्यांनी सांगावं.’

टँपावाला म्हणजे मी, फ्लोरिडातल्या टँपा शहरात राहणारा. सांगतो. आमच्या गावचा किल्ला दोनशे वर्षांपूर्वीचाच आहे, आणि त्याच्या कबरस्तानावर पार्किंग आहे. ‘फोर्ट ब्रूक गराज’. डाउनटाउनमध्ये काम निघालं की मी तिथेच गाडी लावतो.

बुरूज, तटबंदी वगैरे डोळ्यांसमोर आणू नका. १८२४ साली कर्नल जॉर्ज ब्रूक हिल्सबरो नदीच्या मुखाशी सैनिक घेऊन उतरला आणि ओकच्या झाडांखाली लाकडी बराकी ठोकल्या. आधीचं नावही कॅन्टोनमेंट ब्रूक, म्हणजे आपल्याकडची छावणीच. कशासाठी? आदल्याच वर्षीच्या तहाने सेमिनोल या आदिवासी जमातीच्या लोकांना फ्लोरिडाच्या मधल्या भागात कोंडलं होतं, त्यांच्यावर नजर ठेवायला. पुढे १८३०च्या कायद्याने त्यांना मिसिसिपीपलीकडे हाकलायचं ठरलं. १८३५च्या डिसेंबरात मेजर डेड शंभरावर सैनिक घेऊन इथून फोर्ट किंग या दुसऱ्या लष्करी ठाण्याकडे निघाला. वाटेत २८ तारखेला सेमिनोलांनी गाठलं. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके वाचले. त्याच दिवशी तिकडे फोर्ट किंगबाहेर सेमिनोलांचा पुढारी ओसिओला याने सरकारी एजंटाला मारलं. मग सात वर्षं लढाई. सुमारे दीड हजार अमेरिकन सैनिक गेले, त्यातले बहुतेक गोळीने नव्हे, तापाने आणि हगवणीने. आणि हजारो सेमिनोलांना पकडून याच छावणीच्या धक्क्यावरून बोटीत चढवलं, न्यू ऑर्लिन्समार्गे आजच्या ओक्लाहोमाला. काहीशे लोक दलदलीत शिरले ते शिरलेच. त्यांनी शरणागतीचा कागद कधीच केला नाही, हे त्यांचे वंशज आजही ऐकवतात.

१८८३ साली लष्कराने छावणी मोडली. दोन तोफा नदीपलीकडे टँपा विद्यापीठाच्या बागेत आहेत. रविवारी पोरं त्यांच्यावर घोडा-घोडा खेळतात, माझा पोरगाही खेळलाय. झाली जपणूक.

मला मामांना खरं तर यापुढचं सांगायचं होतं. १९८० साली पार्किंगसाठी खोदताना कबरी लागल्या. सैनिकांच्या, आणि सेमिनोलांच्याही. सैनिकांचे अवशेष शहराच्या जुन्या कबरस्तानात गेले. सेमिनोलांचे अवशेष त्यांच्या जमातीच्या हवाली झाले. पुरायला जमातीने शहराच्या पूर्वेला जमीन घेतली, ती राखीव भूमी ठरली, आणि तिथे आधी सिगारेटचं दुकान, मग बिंगोचा हॉल उभा राहिला. संग्रहालय होईल म्हणून बसलेल्या शहरातल्या अनेकांना फसवल्यासारखं वाटलं. आज तिथे हार्ड रॉक कॅसिनो आहे, आणि २००७ साली याच जमातीने हार्ड रॉकचा हॉटेलं-कॅफेंचा जगभरचा धंदा ९६.५ कोटी डॉलरला विकत घेतला. जुगार मला आवडत नाही. पण ज्यांना या धक्क्यावरून लादून नेलं त्यांच्या भाऊबंदांनी त्या जागेचं काय करावं हे मी कोण सांगणार? आदर दाखवायला त्यांनी गरीबच राहायला हवं होतं का?

तेव्हा मामा, वीट काचेत नाही. पण हाडं कुणाची, हा प्रश्न इथे विचारला गेला आणि ज्यांची होती त्यांना दिली गेली. मला हेवा वाटतो तो एवढ्याचाच. आपल्या ग्रुपवर बुरुजांचे फोटो फिरतात, नामांतरावर चारशे मेसेज पडतात. गडाच्या घेऱ्यातल्या कोळ्यांचा किंवा रामोशांचा विषय निघाला की ‘जात आणू नका’ म्हणून गप्प बसवतात.

आणि आपल्या गावाचं तर विचारूच नका. फोर्ट ब्रूक उभारला त्याच्या पुढच्याच वर्षी, १८२५ साली, जेम्स औट्रम या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने धरणगावात खानदेश भिल्ल पलटण उभी केली. सातपुड्यातल्या भिल्लांना आवरायला भिल्लांनाच गणवेश चढवला. इथे बोटीत घालून हाकललं, तिथे पगारावर घेतलं. हेतू दोन्हीकडे एकच, डोंगर-जंगल मोकळं करून घ्यायचं. मी धरणगावच्या शाळेत दहावीपर्यंत शिकलो. औट्रमचं नाव पहिल्यांदा वाचलं ते टँपात, नोकरी लागल्यावर.

हे सगळं ग्रुपवर टाकलं आणि खाली विचारलं, पलटणीच्या लाइनी, म्हणजे बराकी, गावात नेमक्या कुठे होत्या? तिकडे सकाळ झाल्यावर मामांचं उत्तर आलं: ‘म्हाताऱ्या माणसांना विचारतो. पार्किंग नसावं.’