गणितात आपली मुलं कुठे आहेत, हे मोजू तर द्या

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडचा निकाल लागला की 'भारतीय मुलं गणितात जगात भारी' असे मेसेज फिरू लागतात. २०२४ साली इंग्लंडमधल्या बाथला आपल्या संघाने चार सुवर्णपदकं मिळवली, देश चौथा आला. मलाही मनापासून आनंद झाला. मानखुर्दच्या होमी भाभा केंद्रात या मुलांची निवड आणि तयारी होते, ते काम मोठंच आहे. पण संघात सहा मुलं असतात. उरलेल्या कोट्यवधी मुलांना गणित किती येतं, हे ऑलिंपियाड सांगत नाही.

ते काही प्रमाणात सांगते 'पिसा' ही चाचणी. २००० सालापासून ओईसीडी ही मुख्यतः श्रीमंत देशांची संघटना ती पंधरा वर्षांच्या मुलांसाठी घेते. २०२२ च्या फेरीत ८१ देश आणि प्रदेश होते. गणितात सिंगापूर ५७५ गुणांवर, जपान ५३६, अमेरिका ४६५, ओईसीडीची सरासरी ४७२. भारताचं नावच नाही.

आपण एकदाच बसलो, तेही दोन राज्यांपुरते. २००९ च्या फेरीच्या वाढीव टप्प्यात तामिळनाडू आणि हिमाचल प्रदेश. गणितात तामिळनाडूला ३५१ आणि हिमाचलला ३३८. ७४ जणांत यांच्याखाली फक्त किर्गिझस्तान. मग सांगण्यात आलं की प्रश्न आपल्या मुलांच्या सामाजिक परिस्थितीला धरून नव्हते, आणि पुढच्या फेऱ्यांना आपण गेलोच नाही. २०१९ मध्ये पुन्हा भाग घ्यायचा करार झाला, तरी २०२२ च्या यादीत आपण नव्हतो.

आता 'परके' प्रश्न म्हणजे कसले, ते बघा. पिसाने खुला केलेला एक नमुना असा आहे : दोन गोल पिझ्झे, जाडी सारखी. एकाचा व्यास ३० सेंमी, किंमत ३०. दुसऱ्याचा ४० सेंमी, किंमत ४०. कोणता घेणं फायद्याचं, आणि का? पिझ्झा नको असेल तर भाकरी घ्या, गणित तेच राहतं. किंमत ४:३ ने वाढली, क्षेत्रफळ मात्र १६:९ ने, म्हणून मोठा फायद्याचा. वर्तुळाच्या क्षेत्रफळाचं सूत्र आपल्या मुलांना पाठ असतं. पण प्रश्नात 'क्षेत्रफळ काढा' असं लिहिलेलं नसेल तर ते सूत्र इथे लागतं हे किती जणांना सुचेल? अडचण पिझ्झ्याची नाही, आणि हे आपण मान्य करत नाही याचा मला खरंच राग येतो.

हिशोब आपल्या मुलांना जमत नाही असंही नाही. २०२५ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात अर्थशास्त्रज्ञ अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास आला. कोलकाता-दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गिऱ्हाइकाचा अवघड हिशोब तोंडी करत होती, पण तसंच गणित शाळेच्या पद्धतीने मांडून दिलं की अडत होती. शाळेतली, बाजारात काम न करणारी मुलं नेमकी उलट. हे दोन्हीकडचं तुटलेपण आपल्या वर्गांतून आलेलं आहे, आणि ते दुरुस्त होऊ शकतं.

क्रमवारीची पूजा करा असं मी म्हणत नाही. फिनलंड २००६ साली ५४८ वर होता, जगभरची शिष्टमंडळं तिथल्या शाळा बघायला गेली. २०२२ ला तोच देश ४८४ वर आला. व्हिएतनामने २०१२ मध्ये अमेरिकेला मागे टाकलं, पण तिथली त्या वयाची बरीच मुलं शाळेबाहेर होती आणि चाचणी शाळेतल्यांचीच होते. हे सगळं लक्षात घेऊनच आकडे वाचायचे. पण वाचायला आकडे हवेत ना!

'असर' या घरोघरी जाऊन होणाऱ्या शिक्षण-पाहणीत २०२४ साली ग्रामीण भारतातल्या आठवीच्या ४५.८ टक्के मुलांनाच साधा भागाकार आला. म्हणजे घरच्या मोजपट्टीवरही चित्र फार वेगळं नाही.

तामिळनाडू आणि हिमाचल स्वतंत्रपणे बसू शकले, तर महाराष्ट्राला अडचण कसली? राज्य सरकारने केंद्राकडे तशी मागणी करावी. प्रश्नपत्रिका मराठीत, नमुन्यात गडचिरोलीची आश्रमशाळा, मुंबई महापालिकेची शाळा आणि पुण्याची महागडी सीबीएसई शाळा, तिन्ही हव्यात. आणि निकाल कितीही खाली लागला तरी तो लगेच, पूर्ण जाहीर व्हावा.