एआरटी (एचआयव्हीच्या गोळ्या) थांबवून आतडी सुधारत नाहीत, हृदय तर नाहीच

‘एचआयव्हीच्या गोळ्या पोटातले चांगले जिवाणू मारतात, म्हणून अंगात सूज राहते आणि हार्ट अटॅक येतो. तीन महिने गोळ्या बंद ठेवा, रोज कांजी आणि ताक प्या, आतडी नवी होतील. डॉक्टरांकडे यावर उपाय नाही.’ हा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत फिरत माझ्या मावशीपर्यंत पोचला. इतकी वर्षं एकही गोळी न चुकवणारी बाई मला विचारते, ‘थांबवून बघू का रे?’ संताप आला, म्हणून लिहितोय.

आधी ‘तीन महिने बंद’ हेच घेऊ, कारण यानं माणसं मरतात. हा प्रयोग करून झालेला आहे. ‘स्मार्ट’ नावाच्या चाचणीत ३३ देशांतले ५,४७२ रुग्ण होते. अर्ध्यांच्या गोळ्या अखंड चालू ठेवल्या. उरलेल्यांच्या सीडी-४ (एचआयव्ही ज्या प्रतिकारपेशी मारतो, त्यांची रक्तातली संख्या) चांगले असेपर्यंत थांबवल्या. गोळ्यांच्या दुष्परिणामांपासून, हृदयविकारापासूनही, सुटका मिळेल अशी तेव्हा आशा होती. झालं उलटं. थांबवणाऱ्या गटात संधिसाधू आजार (प्रतिकारशक्ती ढासळल्यावर गाठणारे) किंवा मृत्यूचा धोका अडीच पटींहून जास्त निघाला. हृदय, मूत्रपिंड आणि यकृताचे गंभीर आजारही त्याच गटात जास्त, सुमारे १.७ पट. २००६ मध्ये चाचणीतली नवी भरती थांबवून सगळ्यांना पुन्हा गोळ्या सुरू करायला सांगावं लागलं. पुढे साठवलेलं रक्त तपासलं, तर गोळ्या थांबवल्यावर महिनाभरातच इंटरल्यूकिन-६ आणि डी-डायमर वाढलेले दिसले. पहिलं दाह, म्हणजे अंगातली सूज दाखवतं, दुसरं रक्त गोठण्याची प्रवृत्ती. म्हणजे ज्या सुजेची भीती घालून गोळ्या सोडायला सांगताय, ती गोळ्या सोडल्यानंच वाढते!

आता आतड्यांचं. आतड्याच्या अस्तरात सीडी-४ पेशींचा मोठा साठा असतो आणि लागण झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच विषाणू तो उद्ध्वस्त करतो. अस्तर कमजोर होतं, जिवाणूंचे तुकडे रक्तात झिरपतात आणि प्रतिकारशक्ती सतत पेटलेली राहते. हे सगळं एकही गोळी न घेतलेल्या माणसातही होतं. गोळ्यांनी जिवाणूंत थोडाफार फरक पडत असेलही, पण मूळ घाव विषाणूचा आहे. गोळ्या तो पूर्ण भरून काढत नाहीत, हे मात्र खरं.

आणखी एक गोष्ट मान्य करायलाच हवी. एचआयव्हीसह जगणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा साधारण दुप्पट असतो. अबॅकाव्हिरचा हार्ट अटॅकशी संबंध अनेक अभ्यासांत दिसला आहे, लोपिनाव्हिरसारख्या गोळ्यांनी रक्तातली चरबी वाढते. म्हणून कोणती गोळी चालू आहे हे डॉक्टरांना विचारावं, गरज पडली तर ती बदलून घ्यावी. आज एआरटी सेंटरवर बहुतेक प्रौढांना मिळणाऱ्या टीएलडी या तीन औषधांच्या एकत्रित गोळीत या दोन्ही नाहीत.

ताक-कांजी सोसत असेल तर खुशाल प्या. पण त्यानं एचआयव्हीतला हार्ट अटॅक टळतो असं कुठल्याही चाचणीत सिद्ध झालेलं नाही. प्रोबायोटिकच्या (चांगल्या जिवंत जिवाणूंच्या) चाचण्या छोट्या आणि त्यांचे निकाल परस्परविरोधी आहेत. सीडी-४ फारच कमी असतील तर जिवंत जिवाणूंच्या पुड्याही विचारल्याशिवाय घेऊ नयेत.

‘डॉक्टरांकडे यावर उपाय नाही’ हे शेवटचं वाक्यही खोटं. भारतासह १२ देशांत झालेल्या ‘रिप्रीव्ह’ चाचणीत एआरटी चालू असलेल्या ७,७६९ जणांपैकी निम्म्यांना पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल कमी करणारं, स्टॅटिन गटातलं औषध दिलं. त्यांच्यात हार्ट अटॅक, पक्षाघात यांसारख्या घटना ३५ टक्क्यांनी कमी झाल्या. निकाल २०२३ मध्ये आला. ही मंडळी चाळिशीच्या पुढची होती आणि हृदयविकाराचा नेहमीचा हिशेब त्यांना कमी ते मध्यम धोक्यातच धरत होता. मावशीला मी तंबाखूची मिश्री सोडायला सांगितलंय आणि पुढच्या तारखेला रक्तदाब, साखर तपासून स्टॅटिनबद्दल विचारायला सांगितलंय. मेडिकलमधून परस्पर मात्र आणायचं नाही: रिटोनाव्हिर असलेली एचआयव्हीची औषधं चालू असताना सिम्वास्टॅटिन हे स्टॅटिन घेतलं तर स्नायूंना गंभीर इजा होऊ शकते.